रान काळेच आहे

मार्चमधल्या एका दुपारी मंगळवेढ्याकडील आजोळच्या रानात मी फोटो काढला, तो पडद्यावर पाहिला आणि मला चक्क राग आला. पायांखालची जमीन तव्यासारखी काळी होती. फोटोत ती चुलीतल्या राखेसारखी उतरली होती. निसर्गाचे फोटो पहाटे किंवा दिवस कलल्यावर काढावेत, हा आमच्या सरांचा नियम मला तत्त्वतः मान्य आहे. परंतु सोलापूरहून निघताना आईची कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून होईपर्यंत ऊन डोक्यावर येते. म्हणून मी आधी उन्हालाच दोष दिला.

दोष उन्हाचा नव्हता. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक, समोर काहीही असो, ते पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणाऱ्या मधल्या करड्या रंगाचे आहे, असे धरून चालतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांसोबत निघालेल्यांच्या पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या माझ्या फोटोत मळकट आल्या होत्या, त्याचेही कारण हेच. पांढरे पांढरे हवे असेल तर उजेड वाढवायचा आणि काळे काळे हवे असेल तर कमी करायचा, हे शहाणपण पहिल्यांदा ऐकताना उलटेच वाटते. या जमिनीला कोणी तपकिरी म्हटलेलेही मला खपत नाही; मग यंत्राने तिला करडी ठरवलेले कसे चालेल?

हा हट्ट जुना आहे. पाणी प्याल्यावर फुगणारी आणि वाळल्यावर आक्रसणारी ही माती मालदांडी ज्वारी निघाल्यावर तडकू लागते, आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशाच एका भेगेत माझी निळी गोटी पडली. मी पालथा पडून कोपरापर्यंत हात आत घातला. वर अंग भाजत होते आणि आत बोटांना, माठाच्या बुडाशी लागावा तसा, गारवा लागत होता. बांधावरच्या कडुनिंबाखाली बसलेले आजोबा म्हणाले, "जाऊ दे, रानानं गिळली. पाऊस पडला की उगवंल." पुढच्या सुटीत मी खरोखरच ती जागा शोधली होती.

त्या दुपारीही मी भेगेजवळच बसलो. चौकटीचे तीन भाग करून पांढऱ्याफटक आभाळाला वरचा एकच द्यायचा, आणि भेग खालच्या कोपऱ्यातून निघून धसकटांमधून नजरेला क्षितिजाकडे नेईल अशी ठेवायची, एवढे ठरले. उजवीकडे मात्र विजेचा खांब आणि त्याला चिकटून अर्धाच येणारा कडुनिंब यांनी घोळ घातला होता. काय घ्यायचे यापेक्षा काय टाकायचे ते आधी ठरवा, असे सर सांगतात. मी दोन पावले डावीकडे सरकलो. खांब गेला आणि त्याच्याबरोबर झाडही गेले.

उजेडासाठी फिल्मच्या काळातला नियम आठवला: कडक उन्हात भिंगाचे छिद्र एफ/१६ आणि आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १०० असेल तर शटर १/१०० सेकंद. हा नियम सूर्याला ओळखतो, जमिनीला विचारत नाही. म्हणून काळे काळेच राहते. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांना १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावाजवळ ऐन वेळी प्रकाशमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती. तिच्यावरून त्यांनी हिशेब केला आणि एक फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत खालच्या दफनभूमीतल्या क्रुसांवरचे ऊन गेले होते. माझ्याकडे ऊन भरपूर होते. मी १४० फोटो काढले आणि त्यांतला एक खरोखर काळा आला.

संध्याकाळी घरी आल्यावर तो मी मोबाइलवर आईला दाखवला. हे रान तिच्या माहेरचे. तिने चष्मा पुसून बराच वेळ पाहिले, भेगा छान आल्या आहेत असेही म्हणाली, आणि मग विचारले, "कडुनिंब कुठाय रे?"

"उजव्या बाजूला आहे, आई. फोटोत घेतला नाही."

तिने पडद्यावर बोट ठेवले आणि उजवीकडचे दिसावे म्हणून फोटो हळूहळू डावीकडे सरकवू लागली.