ग्रीनस्टोनमध्ये जुन्या दिवाळी अंकांसाठी स्वतःचा मेटाडेटा सेट बनवला, त्याचा अनुभव

मी तालुक्याच्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठेच्या गठ्ठे होते, त्यांचे कागद इतके कुरकुरीत झालेले की वाचकाच्या हातात द्यायची भीती वाटायची. मग देणगी मिळाल्यावर ते स्कॅन करून घेतले आणि सगळ्या पीडीएफ ग्रीनस्टोनमध्ये टाकायचं ठरलं. ग्रीनस्टोन म्हणजे न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठात तयार झालेलं, डिजिटल ग्रंथसंग्रह बनवायचं फुकट सॉफ्टवेअर, युनेस्कोचाही त्याला हातभार आहे, आणि लायब्ररी सायन्स केलेल्या बऱ्याच जणांनी कॉलेजात प्रॅक्टिकलला ते एकदा तरी उघडलेलं असतं.

पीडीएफ आत ओढून टाकणं हे काहीच काम नाही हो. गॅदर टॅबमध्ये फोल्डर ड्रॅग केलं, क्रिएटमध्ये जाऊन बिल्ड केलं की झालं कलेक्शन. पण पहिल्यांदा यादी उघडली तर सगळीकडे स्कॅन0001, अनटायटल्ड असली नावं. कारण ग्रीनस्टोन फाईलमधून स्वतःहून जे मिळेल ते उचलतं, त्याला एक्स. असं पुढे लावलेलं असतं (एक्स्ट्रॅक्टेड), आणि ते आपल्याला हाताने बदलता येत नाही. नावांच्या यादीसाठी ते आधी डीसी.टायटल (आपण हाताने भरलेलं शीर्षक) बघतं, ते रिकामं असेल तर एक्स.टायटल दाखवतं. म्हणजे डीसी.टायटल भरत जायचं आणि पुन्हा बिल्ड केलं की तेवढी नावं सुधारलेली दिसतात. आमचे स्कॅन म्हणजे नुसती चित्रं, आत टेक्स्ट नाही, त्यामुळे वाचकाने शोधलं तर सापडणार ते फक्त आपण भरलेल्या मेटाडेटामधूनच (म्हणजे शीर्षक, लेखक, साल अशी अंकाची माहिती). म्हणून हे काम टाळता येण्यासारखं नव्हतंच.

डीसी म्हणजे डब्लिन कोअर, असे माहितीचे रकाने ठरवून दिलेला एक तयार मेटाडेटा सेट. 15 एलिमेंट्स (रकाने) आहेत त्यात, टायटल, क्रिएटर, सब्जेक्ट, पब्लिशर, डेट वगैरे. नवीन कलेक्शनला हाच सेट मिळतो, आणि साध्या पुस्तकांना तो पुरून उरतो. दिवाळी अंकाचं मात्र गणित वेगळं. आमच्याकडे येणारा वाचक काय विचारतो? चित्रकार दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ असलेले अंक दाखवा. अमक्या टोपणनावाने लिहिणाऱ्याचं काही आहे का. शके अमुकचा अंक आहे का, कारण जुन्या अंकावर कधीकधी शकच ठळक छापलेला असतो. आता चित्रकाराला कॉन्ट्रिब्युटरमध्ये टाकता येतं, पण संपादकही तिथेच, अतिथी संपादकही तिथेच, मग यादी बघणाऱ्याला कोण काय ते कळत नाही. आमचे कार्यवाह काका म्हणाले, "मॅडम, कशाला एवढा खटाटोप, सगळं डिस्क्रिप्शनमध्ये लिहून टाका ना." लिहिता आलं असतं, शोधलं की सापडलंही असतं, पण चित्रकारांची वेगळी यादी त्यातून काढता येत नाही, आणि आम्हाला तीच हवी होती.

मेटाडेटा भरायच्या एन्रिच टॅबमध्ये खाली मॅनेज मेटाडेटा सेट्स असं बटण आहे. तिथे या कलेक्शनला कुठले सेट लावलेत ते दिसतं, आणि ॲड, एडिट, रिमूव्ह करता येतं. ग्रीनस्टोनसोबत आणखी काही तयार सेट येतात, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या सरकारी कागदपत्रांसाठीचे वगैरे, त्यांचा आपल्याला काही उपयोग नाही. तयार आहेत म्हणून चारपाच सेट लावले तर एन्रिचमध्ये रकान्यांची एवढी लांबलचक रांग होते की भरणारा कंटाळून निम्मे सोडून देतो. मी डब्लिन कोअर ठेवला आणि शेजारी आमचा एक छोटा सेट नवीन केला. न्यू म्हटलं की जेम्स नावाचा एडिटर उघडतो, त्यात सेटचं नाव आणि नेमस्पेस द्यायचा, म्हणजे प्रत्येक एलिमेंटच्या पुढे लागणारं छोटं अक्षरी नाव, ते दुसऱ्या कुठल्या सेटचं नसावं. मी दि.अं. वरून ठेवलं. एलिमेंट्स चारच केले: मुखपृष्ठ चित्रकार, टोपणनाव, शके, मुद्रणालय. आतलं नाव इंग्रजी अक्षरात आणि दिसायचं लेबल मराठीत. मुद्रणालयाबद्दल काका साशंक होते पण स्थानिक इतिहासावर काम करणारे लोक ते हमखास विचारतात, तेव्हा ते ठेवलंच.

शकेचा हिशोब आमच्या क्लार्कला एकदा नीट सांगावा लागला. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते त्यामुळे शकात सरळ 78 मिळवायचे, शके 1867 म्हणजे 1945, पण मासिकाचा जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आधीचा अंक असेल तर 79. डीसी.डेटमध्ये इसवी सन, आमच्या सेटमध्ये शके. आणि आकडे सगळीकडे इंग्रजीच टाकायचे, हे भिंतीवर कागद चिकटवून ठेवलं, कारण कुणी देवनागरीत १९४५ टाइप केलं की कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगळंच साल, यादीत त्याचा गट वेगळा पडतो.

टोपणनावांचं असं केलं की क्रिएटरमध्ये खरं नाव आडनावापासून, म्हणजे ठोंबरे, त्र्यंबक बापूजी, आणि टोपणनावात बालकवी. गडकरी, राम गणेश आणि गोविंदाग्रज. दोन्हीकडून सापडतं मग. एन्रिचमध्ये एखादं एलिमेंट निवडलं की त्या कलेक्शनमध्ये आधी भरलेली नावं खाली दिसतात, तिथूनच क्लिक करून घ्यायची, पुन्हा टाइप करायचीच नाहीत, नाहीतर हरि आणि हरी असे दोन आपटे तयार होतात. आणि जे सगळ्या फोल्डरला लागू आहे, जसं मासिकाचं नाव, प्रकाशक, ते फोल्डर निवडून एकदाच भरायचं, आतल्या सगळ्या फाईल्सना ते आपोआप लागतं. विषयासाठी मध्ये उभी दांडी टाकली की पायऱ्या होतात, विनोद, त्याच्या आत विडंबन असं. हे फार सोयीचं पडलं.

खरी कसरत पुढे होती. शेजारच्या गावातल्या एका संस्थेने त्यांचं जुनं ग्रीनस्टोन कलेक्शन पेनड्राइव्हवर दिलं, त्यात 1909 च्या 'मनोरंजन'बद्दलचे काही लेखही होते (का. र. मित्रांचा तो अंक, मराठीतला पहिला दिवाळी अंक मानतात तो). फाईल्स आत ओढल्या आणि एकामागून एक खिडक्या यायला लागल्या, कारण त्यांनी त्यांचा स्वतःचा सेट वापरलेला, लेखक, वर्ष, चित्रे असली नावं असलेला. ग्रीनस्टोन प्रत्येक नव्या नावाला विचारतं की हे आपल्या सेटमध्ये ॲड करू, असलेल्या एखाद्यात मर्ज करू का इग्नोर करू. इथे घाईत ॲड ॲड दाबत गेलं तर लेखकाचे दोन रकाने होऊन बसतात. लेखक मी डीसी.क्रिएटरमध्ये मर्ज केलं, वर्ष डीसी.डेटमध्ये. चित्रेच्या आधी दोनचार फाईल्स उघडून बघितल्या, तर त्यात चित्रकाराचं नाव नव्हतं, चित्रांची संख्या होती, म्हणून इग्नोर. एकदा उत्तर दिलं की त्या कलेक्शनपुरतं ते लक्षात ठेवतं, पुन्हा विचारत नाही.

अजून एक अडचण तशीच आहे, अकारविल्हे यादीची. कॉम्प्युटर युनिकोडच्या क्रमाने लावतो, त्यामुळे क्ष हा क मध्ये जातो आणि ळ हा ल च्या लगेच मागे येतो, आपल्या वर्णमालेत ही सगळी मंडळी शेवटी. वाचकांची अजून तक्रार नाही, मलाच खटकतं.

कलेक्शन सध्या फक्त वाचनकक्षातल्या कॉम्प्युटरवर आहे, नेटवर नाही, कारण लेखक गेल्यानंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो आणि एका अंकात पन्नासेक लेखक, कुणाचं काय ते एकेक बघावं लागेल. त्यासाठी डीसी.राइट्स भरायला घेतलंय. आमच्या सेटची .एमडीएस फाईल कलेक्शनच्या मेटाडेटा फोल्डरमध्ये असते, ती वेगळी काढून ठेवलीये, आता साप्ताहिकांचं कलेक्शन सुरू करतोय त्यालाही तोच सेट लावणार, फक्त तिथे मुखपृष्ठ चित्रकार रिकामाच राहील.