एका तासात चहाचा बर्फ

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी आमच्या ओट्यावर एक कप चहा तासभर तसाच पडून होता आणि त्याला कुणी हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती. नवऱ्याने तरी दोनदा उचलला आणि दोनदा बोलणी खाल्ली. तो चहा म्हणजे माझा गृहपाठ होता.

मी मूळची इचलकरंजीची. मराठी माध्यम, पुढे बी.कॉम., मग लग्न आणि आता बरीच वर्षं सिअॅटलजवळ. त्रेचाळिसाव्या वर्षी अकाउंटिंगचं रीतसर शिक्षण घ्यायचं ठरवून इथल्या कम्युनिटी कॉलेजात गेले, तर आधी गणिताची चाचणी. पंचवीस वर्षांनी वर्गसमीकरण बघितलं, हातपाय गार पडले, आणि माझी रवानगी झाली इंटरमीजिएट अल्जेब्राच्या वर्गात. या कोर्सचा क्रमांक शंभरच्या खालचा. म्हणजे फी पूर्ण घेतात, पण पदवीत त्याचे क्रेडिट धरत नाहीत. हे मला अजूनही पटलेलं नाही, पण ते असो.

पहिल्या दोन आठवड्यांत मी हवेत होते. अवयव पाडायला सांगितले की शेजारची एकोणीस वर्षांची मुलगी (सकाळी कॉफीच्या दुकानात काम करून यायची, हातांना कायम व्हॅनिलाचा वास) कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत माझं उत्तर तयार. दहावीला बीजगणित घोटलेलं, ते हातात होतं. मग पहिली क्विझ परत आली. जुन्या गाडीचं वय आणि किंमत यांच्या आकड्यांतून रेषा काढायची होती. वय वर्षांत, किंमत हजार डॉलरमध्ये. रेषा बरोबर, चढ बरोबर: उणे १.९. गुण पाचापैकी दोन. बाजूला बाईंनी हिरव्या पेनाने लिहिलं होतं, ‘कशाचे? आणि कशामागे?’

मी तणतणत गेले. इथे प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते शेवटपर्यंत निघालं नाही, म्हणून मी हाक न मारताच समोर जाऊन उभी राहायची. बाई म्हणाल्या, उत्तर वाक्यात हवं. ‘गाडीची किंमत दरवर्षी सुमारे १,९०० डॉलरने उतरते.’ मग विचारलं, याच रेषेवर तेरा वर्षांच्या गाडीची किंमत किती? सुरुवात २४ हजारांपासून होती. मी गुणाकार केला. उणे ७००. म्हणजे गाडी न्यायची आणि वर सातशे डॉलरही घ्यायचे! बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, रेषा कुठवर खरी ते तूच सांगायचं, ती स्वतःहून सांगणार नाही.

शाळेत हे कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही शाब्दिक उदाहरणं ऑप्शनला टाकायचो. फारच अडलं तर ‘वडिलांचे वय क्ष मानू’ एवढं लिहून एखादा गुण पदरात पाडून घ्यायचा. उत्तरात वडील मुलापेक्षा लहान निघाले तरी खाली दोन रेघा मारून मोकळे.

तर चहा. कुठलीही गरम वस्तू निवडा, दर दहा मिनिटांनी तापमान लिहा, मॉडेल बनवा (म्हणजे आकड्यांवर बसणारं सूत्र), असा प्रकल्प होता. आमच्या शाकाहारी घरात सेलमध्ये उगाच आणलेला मांसाचा थर्मामीटर होता, तो अखेर कामी आला. खोली ७० फॅरनहाइट. चहा सुरुवातीला १८०, दहा मिनिटांनी १५१, वीस मिनिटांनी १३०. वर साय धरली होती, तिला भोक पाडून थर्मामीटर घालावा लागला. तीन आकडे हातात आल्यावर मला घाई झाली. टीआय-८४ कॅल्क्युलेटरमध्ये भरले. आधी एरर आली, डिम मिसमॅच, कारण एका यादीत तीन आकडे आणि दुसऱ्या यादीत चार. ते निस्तरल्यावर रेषा मिळाली: दर मिनिटाला अडीच अंशांची घट, सुरुवात १७८.७. साठ मिनिटांनी काय? साधारण २९.

पाणी ३२ फॅरनहाइटला गोठतं. हीटर चालू असलेल्या स्वयंपाकघरात माझा चहा तासाभरात बर्फ होणार होता.

चिरंजीव नववीत आहेत. ते खांद्यावरून वाकून म्हणाले, ‘आई, तू खोलीचं तापमान धरलंच नाहीस.’ मला राग आला, कारण ते खरं होतं. चहा शून्याकडे चाललेला नसतो, खोलीकडे चाललेला असतो. न्यूटनचा थंड होण्याचा नियम हेच सांगतो: खोलीपेक्षा जेवढा जास्त गरम, तेवढा भरभर निवतो. मग प्रत्येक आकड्यातून ७० वजा केले. ११०, ८१, ६०, आणि तिसाव्या मिनिटाचे ४४. दुसऱ्याला पहिल्याने भागलं, तिसऱ्याला दुसऱ्याने, चौथ्याला तिसऱ्याने. दर वेळी ०.७४ च्या आसपास. तिसऱ्या भागाकाराला मी चक्क ‘अगंबाई’ म्हणाले. मिनिटाला मोजलं तर दर वेळी ०.९७ पट. म्हणजे ११० गुणिले ०.९७ चा तितक्या मिनिटांचा घात, अधिक ७०. साठाव्या मिनिटाला मॉडेल म्हणालं ८८, थर्मामीटर म्हणाला ८६. मग तो चहा मीच ओतून दिला.

शेवटच्या प्रकल्पाला विषय आपला आपण निवडायचा होता. मी महाराष्ट्राची लोकसंख्या घेतली. १९६१ ला ३.९६ कोटी, १९७१ ला ५.०४, १९८१ ला ६.२८, १९९१ ला ७.८९, २००१ ला ९.६९. बाईंसाठी कोटीचे मिलियन करताना दोनदा दशांश चिन्ह चुकलं. बाईंनी आकडे बघून विचारलं, ‘हे एका राज्याचे?’ आमच्या वॉशिंग्टन राज्याची लोकसंख्या २०२० ला ७७ लाख होती.

घातांकी मॉडेल सुरेख बसलं, दर दशकाला सुमारे १.२५ पट. २०११ चा आकडा मी मुद्दाम झाकून ठेवला होता. मॉडेल म्हणालं १२.२४ कोटी. जनगणनेत होते ११.२४. एक कोटी माणसं कमी.

आता वाक्य लिहायचं होतं. चूक कॅल्क्युलेटरची नव्हती, मी तीनदा तपासलं. रात्री आईला फोन लावला. तिकडे सकाळ, मागे कुकरच्या शिट्ट्या. मी विचारलं, तुम्ही भावंडं किती गं? ‘सात. का?’ आम्ही तिघं. मला एक. धाकटीला दोन, भावाला एक. आई म्हणाली, ‘हे विचारायला फोन केलास? कॉलेजात हे शिकवतात होय?’

अहवालात मी लिहिलं की २००१ नंतर वाढीचा वेग मंदावला, १.२५ पटीचा १.१६ वर आला, आणि त्याखाली आईच्या घरापासून माझ्या घरापर्यंतचे आकडे एका ओळीत दिले: सात, तीन, एक. बाईंनी तीनही आकड्यांभोवती हिरवं वर्तुळ काढलं आणि बाजूला लिहिलं, ‘एका घरावरून राज्य ठरत नाही. पण परिच्छेद राहू दे.’

२०२१ साठी मॉडेलने दिलेले १५.३ कोटी वहीत तसेच आहेत. ती जनगणना लांबणीवर पडली, त्यामुळे शेजारचा रकाना रिकामाच.