हौशी साहेब आणि आठ आणे

साउथॅम्प्टनला राहायचं म्हणजे हॅम्पशायरच्या क्रिकेटचं पुराण ऐकावंच लागतं. आमच्या क्लबातल्या एका आजोबांना तर जुन्या खेळाडूंच्या कुंडल्याच पाठ आहेत. परवा चहाच्या वेळी त्यांनी कॅप्टन ग्रेगचा विषय काढला. जन्म 1871, महूचा. पलटणीतून लांब रजा मिळाली की इकडे येऊन कौंटीकडून खेळायचा. 1901मध्ये लिव्हरपूलला लँकेशायरविरुद्ध नाबाद 249. पुढे लेफ्टनंट कर्नल, मग हॅम्पशायर क्लबचा सेक्रेटरी आणि उतारवयात चक्क कॅथलिक पाद्री!

"उपजत कला! आणि पैसा एक घेतला नाही," आजोबा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. अहो, हा ग्रेग आमच्या पुण्यात तयार झाला! तिथल्या गोऱ्यांच्या क्लबात पालवणकर बाळू महिना चार रुपयांवर पिचवर रोलर फिरवत, जाळी लावत. साहेब इतरांच्या आधी येऊन त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर घाम गाळायचा. बाद केलंस की आठ आणे, असं ठरलेलं होतं म्हणतात. म्हणजे आठदा बाद केला की महिन्याचा पगार! हौशी त्याला म्हणायचं, जो सरावाचे पैसे स्वतः मोजतो. आणि तासन्‌तास चेंडू टाकणाऱ्या बाळूंच्या हाती बॅट काही कोणी दिली नाही. उपजत कला म्हणे!

हे सगळं मी आजोबांना तावातावाने ऐकवलं. त्यांनी शांतपणे बिस्किट बुडवलं आणि विचारलं, "मग तुमच्या लोकांनी त्याला कॅप्टन केलं असेल?"

आता काय बोलणार? मुंबईच्या धर्मावार सामन्यांतल्या हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना कधीच मिळालं नाही. मिळालं ते धाकट्या भावाला, विठ्ठलना, तेही 1923मध्ये. मी लगेच गाडी वळवली. तुमच्याकडे हौशी आणि पगारी असा भेद 1962पर्यंत होताच की, ड्रेसिंग रूमसुद्धा वेगळ्या! आजोबांनी मान डोलावली. बाळू दलित, म्हणून पुण्यात आपलेच लोक त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा देत, हे मात्र मी सांगितलं नाही. जातीचं प्रकरण चहाच्या मध्यंतरात समजावून होतं थोडंच? शिवाय पुढच्या शनिवारी पुन्हा त्याच टेबलावर बसायचंय.

1911च्या भारतीय संघाच्या दौऱ्यात बाळूंनी याच इंग्लंडात 114 बळी घेतले, ते मात्र मी दोनदा सांगितलं.