भांगेच्या बियांची चटणी आणि अडकलेलं पार्सल

भांगेच्या बियांची चटणी कडवट लागते अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी त्या बिया कुठं पडून राहिल्या होत्या ते बघावं. कढई आणि मिरचीला नंतर दोष द्यावा.

माझा भाचा फौजेत, उत्तराखंडात पिथोरागडला पोस्टिंग. तिकडं कुमाऊंत बटाट्याबरोबर ही चटणी खातात: भाजलेल्या बिया, जिरं, हिरवी मिरची, लिंबू. सुट्टीवर येताना त्यानं थोडी आणली आणि मला ती आपल्या कारळ्याच्या चटणीपेक्षा उजवी वाटली. आमच्या बेळगावच्या शहापुरात हे उघड बोलायची सोय नाही. मग ठरवलं, हीच आपल्या पद्धतीनं कोरडी करायची, भाकरीबरोबर चालेल अशी. अख्ख्या बियांचं एक पाकीट आणि सोललेल्यांचं एक असं मागवलं. पैसे भरले, पार्सल बेळगावात पोचलंसुद्धा.

आणि तिथंच अडकलं. कुरिअरच्या ऑफिसातून फोन, "मावशी, ह्याच्यावर भांग लिहिलंय की. कसं सोडायचं ओ?" मी म्हटलं, बाळा, बिया आहेत, खायच्या. पाकिटावर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर छापलाय, वाच. तो म्हणाला, वरून मेल यायला पाहिजे. वर म्हणजे कुठं, हे त्यालाही माहीत नव्हतं. मग अर्ज मागितला, आणि तो कन्नडात. मी बोलते कन्नड, बाजारापुरतं. अर्ज लिहिण्याइतकं नाही. शेजारच्या वहिनींच्या मुलीनं बसून लिहून दिला, तर खाली कायद्याचा आधार जोडा म्हणे.

तोही जोडला. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाची जी व्याख्या आहे, तिच्यात फुलोऱ्याचे शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं धरत नाहीत. 2021 साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं भांगेच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केलं. बियांत टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या वर नको, अशी अट घालून. म्हणजे ही चटणी खाऊन कुणाला काही चढत नाही, हे मी घरीही सगळ्यांना सांगून दमले. काउंटरवरच्या मुलानं कागद उलटासुलटा केला आणि म्हणाला, "नाळे बन्नी." म्हणजे उद्या या. उद्या गेलं की साहेब बाहेर, परवा गेलं की मेल आलेला नाही. एप्रिलचं ऊन, वर पत्र्याचं शेड, आणि माझं खोकं भिंतीला लागून पडलेलं मला काउंटरवरून दिसत होतं. शेवटी एक दिवस कुणी काही न विचारता सही घेतली आणि देऊन टाकलं. मेल आला होता की नाही, ते सांगितलंच नाही.

घरी येऊन सोललेल्यांचं पाकीट फोडलं, तर रंगाच्या जुन्या डब्यासारखा वास. या बियांत तेल भरपूर, तीस टक्क्यांच्या आसपास, आणि जवसासारखंच लवकर खवट होणारं. साल काढलं की त्याला आडोसा राहत नाही. त्या सगळ्या टाकल्या. अख्ख्या मात्र टिकल्या होत्या. करड्या कवचावरची बारीक नक्षी तशीच, दाताखाली फोडून बघितली तर आतला गर पांढरट आणि गोडसर. म्हणून सांगते, उन्हाळ्यात सोललेल्या मागवू नका. मागवल्याच तर आल्या आल्या फ्रीजमध्ये घाला आणि भाजायच्या फंदात पडू नका.

अख्ख्या मात्र भाजाव्याच लागतात. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, तेल न घालता. तडतडू लागल्या आणि हिरवट गवताळ वास जाऊन खमंग वास सुटला की लगेच ताटात ओता. कढईतच ठेवल्या तर गरम बुडाला करपतात आणि तो कडूपणा गूळ घालूनही जात नाही. पूर्ण गार झाल्यावर मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा. सलग फिरवला की तेल सुटून गोळा होतो. खलबत्ता असेल तर उत्तमच.

कवचाचा कचकचाट आवडत नसेल तर भरड पूड एकदा चाळून घ्या. आमच्याकडं मुलं कुरकुरली, म्हणून मी चाळते. मग लसूण, भाजलेलं सुकं खोबरं, जिरं, ब्याडगी मिरची, मीठ, आणि बोराएवढी चिंच व थोडा गूळ. बियांच्या मागं जी किंचित तुरट चव राहते ती चिंच-गुळानंच झाकते, लिंबानं नाही. लिंबू ओल्या चटणीला. हो, बिया भाजण्याआधी निवडा, बारीक खडे असतात. आणि चटणी एका वेळी आठवड्यापुरतीच करा.

आता पाकीट भाचाच आणतो, कुरिअरचं नाव काढायचं नाही. इथल्या दुकानात विचारलंत तर कुणी भांगजिरा पुढं करेल. ते वेगळंच झाड. त्याचीही चटणी होते, पण ही नव्हे.