तुम्ही विचारलंत म्हणून: इतकी भांडणं होतात, तरी मी त्याच चर्चमध्ये का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आमचीच तरुण पोरं विचारतात. "मावशी, काऊन जाते तू अजून तिथं? दर मीटिंगले भांडणं. आमच्या फेलोशिपमध्ये ये ना, तिथं कोणीच भांडत नाही." शाळेत नोकरीला होते तेव्हा स्टाफरूममधल्या मॅडमही विचारायच्या, पण त्यांचा सूर वेगळा, म्हणजे अय्या, तुमच्यातही होतं का असं, तुमच्याकडे तर प्रेम, क्षमा, एक गाल मारला की दुसरा गाल वगैरे. मी बरीच वर्षं आमच्या पास्टोरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या कमिटीत होते, काही काळ सेक्रेटरी पण, त्यामुळे भांडणं नुसती पाहिली नाहीत तर मिनिट्समध्ये लिहूनही काढलीत. तर आता एकदाचं सांगून टाकते.

फेलोशिपमध्ये, म्हणजे पोरांच्या त्या छोट्या प्रार्थना गटात, भांडण होत नाही ते मला माहीत आहे. पंचवीस-तीस पोरं, एक गिटार, कोणाच्या तरी घरचा हॉल. भाड्याचा हॉल घ्या, ट्रेझरर नेमा, दोघातिघांची लग्नं लावा, मग बोलू आपण.

मुळात नागपुरात आमची मंडळी (आमच्यात चर्चच्या लोकांना मंडळी म्हणतात) आली तीच एका भांडणातून, हे पोरांना कोणी सांगतच नाही. हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे, पण स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथं आले ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून, आणि ती फ्री चर्च तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. वाद काय होता, तर मंडळीचा पाळक म्हणजे पास्टर कोणी निवडायचा, गावच्या जमीनदाराने की मंडळीने. साडेचारशेच्या वर पाळक बाहेर पडले, राहती घरं सोडून, पगार सोडून, आणि त्यांच्या त्या नव्या चर्चने माणसं पाठवली ती थेट आपल्या नागपूरपर्यंत. आता आमच्या सभेत पाळकसाहेबांच्या बदलीवरून आवाज चढला की म्हातारी माणसं म्हणतात हल्लीच्या लोकांत श्रद्धाच राहिली नाही, आधी असं नव्हतं. आधी असंच होतं हो, उलट जास्तच होतं.

आणि फूट तशी जोडणी पण, ती तर इथलीच आहे. २९ नोव्हेंबर १९७०, रविवार, नागपुरातल्या सदरचं ऑल सेंट्स कॅथेड्रल. त्या दिवशी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे आपली सीएनआय सुरू झाली, सहा वेगवेगळ्या चर्चेस एक झाल्या: अँग्लिकन, युनायटेड चर्च म्हणजे प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. बोलणी सुरू झाली होती १९२९ मध्ये. म्हणजे एक्केचाळीस वर्षं नुसत्या मीटिंगा! आणि एवढं करून अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटी, त्याच वर्षी, बाहेर पडले. ते आजही वेगळेच आहेत, त्यांच्या चर्चला आम्ही लग्नाला जातो, ते आमच्याकडे येतात, कोणाचं काही अडत नाही.

मला या सगळ्यात आवडतं ते हे की त्यांनी वाद संपवलेच नाहीत. बाप्तिस्म्याचंच घ्या, म्हणजे पाण्याने मंडळीत घेण्याचा विधी. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन लहान बाळाला बाप्तिस्मा देणारे, बॅप्टिस्ट म्हणणार की माणूस मोठा झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करेल तेव्हाच. दोघांकडे बायबलची वचनं आणि दोघंही हटायला तयार नाहीत. मग ठरलं काय, तर दोन्ही पद्धती मान्य, आईवडिलांनी निवडावं, आणि एखाद्या पाळकाचं मन बाळाला बाप्तिस्मा द्यायला घेत नसेल तर त्याने दुसऱ्या पाळकाला बोलवावं. तसंच पाळकांचं. अँग्लिकन लोकांच्या मते बिशपने, म्हणजे पाळकांवरच्या प्रमुखाने, डोक्यावर हात ठेवल्याशिवाय पाळक पाळकच नाही, आणि बाकीचे म्हणणार, म्हणजे आम्ही इतकी वर्षं काय खोटे पाळक होतो का? मग सगळ्याच पाळकांवर हात ठेवून प्रार्थना झाली, आणि त्या प्रार्थनेने कोणाला नक्की काय मिळालं ते देवावर सोडलं, कागदावर आणलं नाही. काही जण याला पळवाट म्हणतात. मी म्हणते हुशारी आहे. एकमत होईपर्यंत थांबले असते तर आज २०७० ची तारीख धरून बसलो असतो.

पण खरं सांगू, मंडळीत भांडणं बाप्तिस्म्यावरून होतच नाहीत. माझ्या सगळ्या मिनिट्स चाळल्या तर तत्त्वाचा वाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. बाकी काय, तर ख्रिसमसला घरोघरी गाणी म्हणत फिरणाऱ्या कॅरल राऊंडची गाडी जरीपटक्याला आधी जाईल की मोहननगरला, कारण शेवटच्या घरी पोचेपर्यंत रात्रीचे दीड वाजतात आणि तिथल्या काकूंनी केलेला केक कोणी खात नाही. भक्तीत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, ड्रम वाजवायचा की नाही. हार्वेस्टच्या म्हणजे सुगीच्या सणाच्या लिलावात जोशात येऊन कोहळ्याची बोली दोन हजारापर्यंत नेतात आणि मग ते पैसे ईस्टरपर्यंत येत नाहीत, एका वर्षी कोणीतरी उधारीवाल्यांची यादीच नोटीस बोर्डावर लावली, आता त्यातून काय झालं असेल ते तुम्हीच समजा. आणि या प्रत्येक भांडणाच्या मुळाशी गेलं की एकच वाक्य निघतं: "आम्हाले कोणी विचारलं नाही." ड्रमवाल्यांचं तेच, केकवाल्या काकूंचं तेच. विश्वास वगैरे सगळं ठीक आहे पण माणसाला आधी विचारलेलं पाहिजे असतं.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय, हा मला सगळ्या कमिटीवाल्यांकडून पाठ करून घ्यावासा वाटतो. यरुशलेमची पहिली मंडळी, प्रेषित म्हणजे येशूचे खास शिष्य स्वतः हजर, आणि तरी कुरकुर! ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं म्हणून. प्रेषितांनी सात जण निवडायला लावले, त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, निकानोर, तीमोन… सगळी ग्रीक नावं. म्हणजे तक्रार ज्यांची, बहुतेक त्यांच्यातल्याच माणसांच्या हातात वाटप दिलं. आमच्याकडे हे एकदा केलं होतं. आमची जुनी घरं मराठी, पण छिंदवाडा, जबलपूरकडून आलेली हिंदी बोलणारी कुटुंबं आता बरीच आहेत, आणि त्यांचं म्हणणं की भक्तीत बायबल वाचणाऱ्यांच्या यादीत आमचं नाव कधी येतच नाही, आम्ही काय नुसत्या खुर्च्या उचलायला? दोन मीटिंगा त्यावर गेल्या, खुलासे झाले, मग एका जुन्या मेंबरांनी सुचवलं की यादी करायचं कामच त्या ताईंना द्या ज्या सगळ्यात जास्त बोलून राहिल्या. दिलं. त्यांनी काय केलं तर लागोपाठ रविवारी आपल्या भाच्यालाच उभं केलं, आणि मग मराठीवाल्यांची कुरकुर सुरू. पण फरक असा की आता त्यांना समजलं यादी करणं म्हणजे काय असतं, कोण ऐन वेळी फोन उचलत नाही, कोणाला जुन्या करारातली नावं वाचायला नको असतात, आणि कमिटीवर त्या पहिल्यासारख्या तुटून पडल्या नाहीत. भाचा वाचतो मात्र चांगलं.

दुसरा धडा मत्तयाच्या शुभवर्तमानातला, अध्याय १८. भावाने तुझा अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकटा जा, दोघंच असताना बोल. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत घे. तरी नाही तर मंडळीला सांग. आम्ही काय करतो, बरोबर उलटं. आधी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकराला हा लांबलचक मेसेज, वर "प्रभूच्या नावाने सलाम", खाली हात जोडलेले, आणि मधे नाव न घेता असं काही लिहायचं की पोराटोरांना पण कळावं कोणाबद्दल आहे. मग एकदोघं फोन करून तेल ओततात. आणि ज्याच्याबद्दल आहे तो सोडून सगळ्यांशी बोलून होतं. सेक्रेटरी असताना मी नियम केला होता, ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरलं की त्यांच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, आणि सरळ विचारायचं, काय झालं हो? निम्म्या वेळा कळायचं की भांडण मेसेजमधल्या विषयाचं नाहीच, सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा पाळकसाहेब भेटायला आले नाहीत, ते आतमध्ये बसलेलं.

आणि एक प्रकार, प्रार्थनेच्या नावाखाली चुगली. "अमक्या बहिणीसाठी विशेष प्रार्थना करा, त्यांच्या घरात सध्या फार…" आणि पुढं सगळी कहाणी. महिला मंडळात हे इतकं चालायचं की आमच्या एक म्हाताऱ्या काकू डोळे मिटूनच म्हणायच्या, "बाई, देवाले सगळं माहीत आहे, तू नुसतं नाव सांग."

आता इथं एक गोष्ट नीट ऐका, कारण मत्तय १८ आणि "बंधुजनांनी कोर्टात जाऊ नये" हे करिंथकरांच्या पत्रातलं, ही दोन्ही वचनं तोंड बंद करायला पण वापरली जातात. पैशाचा घोळ, जमिनीचे कागद, बायकांना त्रास देणं, मुलांशी वाईट वागणं, हे मतभेद नाहीत. तिथं एकट्याने जाऊन समजूत घाला असं कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. मुलांच्या बाबतीत तर लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा आहे, माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, समोर पाळक असो की अजून कोणी. मंडळीची बदनामी होईल म्हणतात. होऊ दे. आणि पैशाचं म्हणाल तर दोन सह्या, प्रत्येक दानाची पावती, आणि वार्षिक सभेत हिशेब मोठ्याने वाचणं. हिशेब वाचताना लोक जांभया देतात, देऊ दे, पण वाचायचाच.

मग कोणी सोडून गेलं तर? जाऊ द्यावं. पौल आणि बर्णबा, पहिल्या मंडळीचे एवढे मोठे प्रचारक दोघं, मार्क नावाच्या सोबत्याला बरोबर न्यायचं की नाही यावरून इतके कडाक्याचे भांडले की वेगळे झाले, एक कुप्राला म्हणजे सायप्रसला गेला, एक सिरियाकडे. बायबलने ते झाकलं नाही. पुढं त्याच मार्कबद्दल पौल तीमथ्याच्या पत्रात लिहितो की त्याला घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे. पौल-बर्णबांनी एकमेकांची माफी मागितली का, कुठंच लिहिलेलं नाही. आमच्यातली काही घरं रागाने गेली, त्यांनी जवळच एक हॉल घेऊन वेगळी भक्ती सुरू केली. मयतीला मात्र सगळे एकत्रच, कब्रस्तान एकच आहे ना बाप्पा. त्यांच्यातले एक दादा अजून आमच्या ख्रिसमसच्या मांडवाचं लायटिंग करून देतात आणि बिल लावत नाहीत, पण भक्तीला आत येत नाहीत. आम्ही ये म्हणत नाही, ते येतो म्हणत नाहीत, चाललंय.

मी का सोडून जात नाही, तर मला आता तिथं भांडायची सवय झाली आहे. कोण कशावर चिडतं ते माहीत आहे, आणि ज्यांच्याशी शनिवारी कमिटीत तावातावाने बोलले त्यांच्याच बाजूला रविवारी प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, गुडघे टेकते. मनात राग असतो कधी कधी, नाही असं नाही. नव्या ठिकाणी जाऊन शून्यापासून भांडायला शिका, माझं वय नाही राहिलं.

येत्या वार्षिक सभेत कपांचा विषय परत आहे. कोविडपासून प्रभुभोजनाला छोटे छोटे वेगळे कप आले, आता काही जणांना परत एकच प्याला पाहिजे. मी एका प्याल्याच्या बाजूने बोलणार आहे, आणि हरणार असं दिसतंय, कारण तरुण संघ सगळा दुसऱ्या बाजूला आहे आणि या वेळी त्यांनी डॉक्टरांनाच बोलायला उभं करायचं ठरवलंय.