पहिला कार्बन कुणाचा?

बारावीला आम्हाला सेंद्रिय रसायन शिकवणाऱ्या बाई अभिक्रियेला हात घालण्याआधी प्रत्येक संयुगाचं नाव वदवून घेत. नाव नीट घेता आलं की घडामोड कुठे होणार ते आपोआप कळतं, हा त्यांचा हट्ट. कार्बनची साखळी म्हणजे लोकल, असं त्या सांगत; डबे कुठल्या टोकाकडून मोजायचे ते ठरल्याशिवाय लेडीज डबा कितवा, हे कसं सांगणार? अल्कीनमध्ये दुहेरी बंध ज्या टोकाला जवळ, तिथून मोजायचं. पण कार्बोक्झिल गट, म्हणजे ॲसिडचा -COOH, असेल तर पहिला क्रमांक त्याच्याच कार्बनचा, दुहेरी बंधाने उरेल तो घ्यायचा. पेंट-3-ईनॉइक ॲसिडवरून वर्गात हमखास वाद व्हायचा, कारण उलट्या टोकाने मोजलं तर बंध 2 वर येतो!

साल 1982. परळ-लालबागच्या निम्म्या घरांत गिरणी संपाची झळ. प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची अभिक्रिया चालली होती. मार्कोव्हनिकोव्हचा नियम: ज्या कार्बनवर हायड्रोजन आधीच जास्त, नवा हायड्रोजनही तिकडेच; म्हणून मिळतं 2-ब्रोमोप्रोपेन. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे मालकालाच बोनस!" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "पेरॉक्साइड टाकलं की हेच उलटं होतं, 1-ब्रोमोप्रोपेन मिळतं." "मग गिरणीत टाका की बाई!" हा नियम ज्यावर उभा, ती कार्बोकॅटायनची (धनभारित कार्बनची) स्थिरता त्या दिवशी जशी डोक्यात बसली, तशी कुठल्याच गाइडमधून बसली नसती.

प्रयोगशाळेत ब्रोमीन पाण्याचा रंग उडवणं, खाण्याच्या सोड्यावर ॲसिटिक ॲसिड ओतून फसफस बघणं, हे सगळ्याच शाळांत होतं. बाईंचा खरा प्रश्न एस्टरचा. ॲसिड आणि अल्कोहोल एकत्र येऊन एस्टर बनताना पाणी सुटतं, त्यातला ऑक्सिजन कुणाचा? त्यांनी हात वर करायला लावले. बहुमत अल्कोहोलच्या बाजूने. मग त्यांनी रॉबर्ट्स आणि यूरी यांचा 1938 चा प्रयोग सांगितला: मेथॅनॉल या अल्कोहोलमध्ये जड ऑक्सिजन (ओळखता येणारा ऑक्सिजन-18) घालून बेन्झॉइक ॲसिडशी अभिक्रिया केली, तर तो जड ऑक्सिजन सापडला एस्टरमध्ये. पाण्यातला ऑक्सिजन ॲसिडचा! विज्ञानात बहुमत चालत नाही, हे बाईंनी बोलून दाखवलं नाही. फळा पुसला आणि पुढचं नाव विचारलं.

पुढे माटुंग्याला यूडीसीटीत (मुंबई विद्यापीठाच्या तेव्हाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात) तोंडी परीक्षेला हाच प्रश्न आला. उत्तर ऐकून परीक्षकांनी माझ्या शाळेचं नाव विचारून घेतलं.