डोरियन, दिवस ४३ : चढताना पाच, उतरताना सात

गिटारवर डोरियन हा सात स्वरांचा स्केल शिकतोय. मागच्या नोंदीत ‘बोटं बसली, कान बसायचाय’ असं लिहून थांबलो होतो. आता कान बसायला लागलाय. तो ज्या वाटेनं बसला ती वाट लिहून ठेवतो, म्हणजे पेंटॅटॉनिकवरून (पाच स्वरांचा स्केल) मोडकडे (सात स्वर तेच, पण सा वेगळा; डोरियन त्यातलाच एक) निघालेल्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

बोटांचं थोडक्यात. ए मायनर पेंटॅटॉनिकची पाचव्या फ्रेटवरची (पडद्यावरची) चौकट, म्हणजे बोटांची ठरलेली मांडणी, येत असेल, तर ए डोरियनचं निम्म्याहून जास्त काम झालेलंच असतं. ए, सी, डी, ई, जी जागेवर आहेतच, त्यात बी आणि एफ शार्प घालायचे. बी सहाव्या आणि पहिल्या तारेवर सातव्या फ्रेटला मिळतो, तिसऱ्या तारेवर चौथ्याला. एफ शार्प चौथ्या तारेवर चौथ्याला आणि दुसऱ्या तारेवर सातव्याला. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साठवर, ठोक्याला दोन स्वर. बारा दिवसांत हात सरावला.

अडलं ते पुढे. ए डोरियनचे सात स्वर म्हणजे जी मेजरचेच सात स्वर. मी ‘जी मेजर, पण ए पासून’ असं मनात धरून वाजवत होतो, आणि दोन-तीन मिनिटांत प्रत्येक ओळ जी वर जाऊन टेकायची. एका संध्याकाळी ताईनं स्वयंपाकघरातून विचारलं, “तुझा सा कुठला?” ती लहानपणी पेटी शिकलेली. मी म्हटलं, “ए.” “मग मला बिलावल का ऐकू येतोय?” बिलावल म्हणजे आपला मेजर स्केल. तिला माझा सा जी वाटत होता, आणि बरोबरच वाटत होता.

एकोणिसाव्या दिवशी मिरजेला गेलो. सांगलीत राहून सतारमेकर गल्लीत मी आजवर फक्त जाता-येता डोकावलो होतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बातमी वाचून अभिमान वाटला होता, पण कारखान्यात बसून ऐकणं वेगळं. एक चाचा तंबोऱ्याची जवारी (तारेचा गुंजणारा नाद) काढत होते. घोडीवर तारेखाली सुताचा धागा ठेवून तो केसभर पुढे-मागे सरकवायचा. एका जागी आल्यावर तार अशी उघडते, की एका स्वरातून चार स्वर बाहेर पडल्यासारखं वाटतं. बायकी तंबोरा होता, पांढरी सहाला (पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीला) जुळवलेला, म्हणजे नेमका माझा ए. विचारलं, मोबाईलवर घेऊ का? चाचा म्हणाले, “घ्या की, पण पंखा बंद करून घ्या.” दहा मिनिटं घेतलं. तेव्हापासून बॅकिंग ट्रॅक बंद आहे, रियाज त्या दहा मिनिटांवरच चालतो.

पहिल्याच दिवशी दोन गोष्टी कानाला लागल्या. माझा सी तंबोऱ्याखाली उतरलेला वाटायचा आणि एफ शार्प चढलेला. गिटार आधी दोनदा तपासली, ती सुरात होती. फरक पडद्यांच्या मांडणीचा आहे. फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात, त्यामुळे कोमल गंधार, म्हणजे माझा सी, ३०० सेंटवर येतो (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). षड्जाशी ६:५ या प्रमाणात मिळणारा गंधार साधारण ३१६ वर असतो. धैवताचं, म्हणजे एफ शार्पचं, उलट : ५:३ च्या प्रमाणानं तो ८८४, गिटारवर ९००. शिवाय तंबोऱ्याच्या षड्जातून शुद्ध गंधार आपोआप उमटत असतो, त्याच्याशी कोमल गंधार घासतो. सी साठी तार अगदी हलकी ताणली की तो गोड लागतो. एफ शार्प ताणून खाली आणता येत नाही. बोट ब्रिजच्या दिशेनं दाबलं तर किंचित उतरतो, स्टीलच्या तारेवर फारच किंचित. म्हणून मी त्याच्यावर लांब थांबत नव्हतो, वरून येऊन पंचमावर, म्हणजे ई वर, उतरायचो.

आणि त्या उतरण्यातूनच पुढचं सापडलं. डोरियन म्हणजे काफी थाटाचे (थाट म्हणजे रागांचा मूळ स्वरसंच) स्वर, ग आणि नी कोमल, बाकी शुद्ध. मी ताईला उत्साहानं सांगितलं, की मी काफी वाजवतोय. ती म्हणाली, “थाट वाजवत नसतात रे, थाटातून राग निघतात. भीमपलास घे. चढताना रे आणि ध सोड, उतरताना दोन्ही घे.” नी सा ग म प नी सा. ए मध्ये लिहून काढलं : जी, ए, सी, डी, ई, जी, ए. मी वहीकडे बघतच राहिलो. हे तर मायनर पेंटॅटॉनिक! बारा वर्षं जी चौकट वाजवतोय तीच भीमपलासाचा आरोह, आणि मला जड जाणारे बी आणि एफ शार्प नेमके अवरोहात.

आता सराव असा : पेंटॅटॉनिकनं वर जायचं, वरच्या ए वर श्वासभर थांबायचं, मग सातही स्वरांनी खाली, शेवट ए वर. बी आणि एफ शार्प दर वेळी उतरतानाच भेटतात, म्हणून ते खाली झुकणारे स्वर आहेत हे कानाला कळतं, आणि जी कडे घसरणं आपोआप थांबलं. मी भीमपलास वाजवतो असा माझा दावा नाही. म-ग ची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), सा आणि म वरचे ठहराव, ते अजून लांब आहे. पण चाल तिथून घेतली.

दुसरा सराव एकाच तारेवर. तिसऱ्या तारेवर २, ४, ५, ७ आणि मग ९, ११, १२, १४, अंगठ्यानं पाचवी तार मोकळी छेडत. सा रे ग म आणि प ध नी सा यांचा आकार तंतोतंत सारखा, त्यामुळे खाली सुचलेली ओळ पंचमापासून तशीच उचलता येते. चौकटीत हे दिसत नाही, एका तारेवर लख्ख दिसतं.

पावसानं सहावी तार रोज उतरतेय, बाकी गिटार ठीक आहे. मेट्रोनोम बहात्तरवर. ए मायनर सेव्हन आणि डी सेव्हन हे दोन कॉर्ड पुढच्या महिन्यात जोडीन. डी सेव्हनच्या पोटात एफ शार्प असतो, तो तिथे कसा लागतो ते ऐकायचंय.

काल सलग दहा मिनिटं वाजवलं. ताई आत भाजी चिरत होती, सा कुठला ते विचारलं नाही. संपल्यावर एवढंच म्हणाली, “आता धैवतावर जरा थांबायला शीक.”